शेजारच्या खुर्चीची संमती

नानांचा संघ हरला की नाना जेवत नसत. त्या वर्षी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला आणखी भोकं पाडून घ्यावी लागली, यावरून संघाची काय दशा होती ते कळेल.

फुटबॉलच्या त्या संघाला सगळं गाव 'निळे' म्हणायचं. त्यांचे सदरे एके काळी खरोखर निळे होते. पुढे क्लबची परिस्थिती आणि धुण्याचा साबण दोन्ही हलके होत गेले, रंग राखाडीवर आला आणि नाव तेवढं निळं राहिलं. याच संघानं एकदा करंडकही जिंकला होता. पण तो सामना पाहिलेली माणसं आता काठी टेकत चालत होती आणि बाकीच्यांना ती भाकडकथा वाटायची. गावात तर एक शब्दच रुळून गेला होता. दूध नासलं, पोरगं नापास झालं, ठरलेलं लग्न मोडलं, की लोक म्हणायचे, "झालं निळं!" नानांच्या घरात हा शब्द काढायला बंदी होती. दूध नासलं की माई नुसत्या नानांकडे बघायच्या. नानांना ते जास्त लागायचं.

नाना वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. सारी हयात त्यांनी बाजारातल्या तराजूंवर शिक्के मारण्यात घालवली होती. माप बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर जप्ती. जगात याच्या मधलं काही असतं हे त्यांना मान्य नव्हतं. असा काटेकोर माणूस निळ्यांच्या नादी कसा लागला, हे कोडं माईंना लग्न झाल्यापासून सुटलं नव्हतं. "मुलगा निर्व्यसनी आहे असं सांगितलं होतं माझ्या वडिलांना," त्या म्हणायच्या, आणि पुढचं बोलणं भांड्यांच्या आवाजात करायच्या.

त्या वर्षी निळ्यांचं खालच्या श्रेणीत जाणं जवळपास ठरल्यातच जमा होतं. शेवटचा एक सामना उरला होता, तोही परगावी. खालच्या श्रेणीत जाणाऱ्या संघाला एवढं मोठं मैदान कशाला, असा विचार करून मालकांनी पूर्वेकडची जुनी लाकडी गॅलरी पाडायला काढली. पावसात भिजलेल्या लाकडाचा आणि ओल्या कोटांचा असा एक वास त्या गॅलरीला होता की डोळे मिटून बसलं तरी आपण कुठे आहोत ते कळावं. आता तो वास कुठेच येत नाही. ज्याला हवी त्यानं आपापली खुर्ची घेऊन जावी, उरतील त्या जाळून टाकू, असा फलक क्लबनं फाटकावर लावला.

"मी माझी खुर्ची आणणार," नानांनी जाहीर केलं.

"ठेवणार कुठे?"

"खिडकीपाशी."

"खिडकीपाशी तुमची आरामखुर्ची आहे."

"ती बसायला आहे." नाना जरा अडले. "ही नुसती असायला."

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतीभर झाली आणि सल्ले सुरू झाले.

समोरच्या दारात दातांचे डॉक्टर राहायचे. ते म्हणाले, "नाना, जुनं लाकूड आणू नका. वाळवी असते. एक किडला की शेजारचा गेलाच समजा." ते हे सगळ्याच बाबतींत म्हणत, त्यामुळे नानांनी मनावर घेतलं नाही. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई टेप घेऊन आल्या, जिन्याचं वळण मापलं आणि मान हलवून म्हणाल्या, "कमरेत दाटणार. मला आधी विचारायचं ना!" शेवटी इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांना नियमांची आवड होती आणि नियम मोडणाऱ्यांची त्याहून.

"जिन्यात खेळाला मनाई आहे," ते म्हणाले.

"मी खेळणार नाही. खुर्ची आणतोय."

"खेळाचीच ना?"

"निळ्यांची."

सेक्रेटरींनी विचार केला. "मग हरकत नाही. त्याला काही खेळ म्हणता येणार नाही."

नाना त्या दिवशी खिडकीशी पाठमोरे बसून राहिले. परवानगी मिळाली होती, पण अशी मिळण्यापेक्षा नाकारली असती तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

क्लबची कचेरी गॅलरीच्याच पोटात होती. तिथल्या कारकुनाला बारमाही सर्दी. खुर्च्या मागायला फारसं कुणी फिरकत नव्हतं, पण म्हणून नियम सैल करावेत असं त्याला वाटत नव्हतं.

"तुम्ही याच खुर्चीवर बसत होता, याला पुरावा?" त्यानं नाक पुसत विचारलं.

"अहो, जन्म गेला माझा तिथे."

"कुणाकुणाचा जातो. पुरावा काय?"

नाना विचारात पडले. मग त्यांच्या लक्षात आलं की पुरावा ते सोबतच घेऊन आले आहेत. त्यांच्या खुर्चीतून एक खिळा वर आलेला होता. निळ्यांवर गोल झाला की नाना ताडकन उठत, आणि त्या खिळ्यानं त्यांची प्रत्येक पँट एकाच जागी फाटलेली होती. माई तिथे ठिगळ लावत. ज्या माणसासमोर एके काळी अडत्यांची बोबडी वळायची, त्या माणसानं एका शिंकणाऱ्या कारकुनाकडे पाठ केली, कोट वर धरला आणि वाकून आपला पुरावा सादर केला. कारकून ठिगळ नीट बघून वर गॅलरीत गेला, खिळा बघून परत आला.

"जुळतंय," तो म्हणाला. "पण तुमची खुर्ची एकटी निघत नाही."

"म्हणजे?"

"खुर्च्या जोडीनं बसवल्यात. दोन्हींना मिळून तीन घोडे." घोडा म्हणजे खुर्चीखालचा लोखंडी आधार. "मधला घोडा सामायिक आहे. तुमची काढली तर शेजारची आडवी होते, शेजारची काढली तर तुमची. न्यायची तर दोन्ही न्या. त्याला शेजारच्या खुर्चीवाल्याची संमती लागेल."

नानांचा चेहरा एकदम उतरला. शेजारची खुर्ची घड्याळवाल्यांची होती.

बाजारपेठेच्या कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं चिंचोळं दुकान होतं, ते यांचं. तो करंडकाचा सामना दोघांनी याच खुर्च्यांवर बसून पाहिला, म्हणजे जवळजवळ पाहिला. बरोबरी चालली होती. घड्याळवाल्यांनी मनगट बघितलं आणि म्हणाले, "वेळ झाली. आता काही होत नाही. गर्दीच्या आत निघू. चला." दोघं निघाले. जिन्यात पोचले आणि वर असा काही गलका उठला की जिना हलला. जास्तीच्या मिनिटात निळ्यांनी गोल केला होता. संघाच्या साऱ्या इतिहासात दाखवण्यासारखी एकच गोष्ट घडली, तेव्हा या दोघांसमोर जिन्याची भिंत होती.

"तुमचं घड्याळ चुकलं," नाना तिथेच म्हणाले.

दुसरं काहीही म्हटलं असतं तर चाललं असतं. "माझं घड्याळ चुकत नाही," घड्याळवाले म्हणाले. "जास्तीची मिनिटं पंचाच्या घड्याळात असतात. ते माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं नाही."

"आमच्या खात्यात असतं तर जप्त केलं असतं मी."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. जागा मात्र कुणीच बदलली नाही. चूक ज्याची त्यानं उठावं, असं दोघांचंही म्हणणं होतं. त्यामुळे पुढे सगळी वर्षं ते कोपराला कोपर लावून बसले आणि जे काय बोलायचं ते पंचामार्फत बोलले. "अहो पंच, शेजारच्यांना सांगा, छत्री आवरा!" नाना मैदानाकडे तोंड करून ओरडायचे. "पंच, सांगा त्यांना, पाऊस माझ्या घड्याळाप्रमाणे पडत नाही!" पंचाला ऐकू जात नसे, पण निरोप पोचायचा.

या वर्षी मात्र शेजारची खुर्ची पहिल्यापासून रिकामी होती. घड्याळवाले एकाही सामन्याला आले नव्हते. बुडत्या संघाकडे पाठ फिरवणाऱ्या माणसांविषयी नानांचं मत ठाम होतं, आणि ते मत त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीला प्रत्येक सामन्यात ऐकवलं होतं. "चांगल्या दिवसांचे सोबती!" ते तिला म्हणायचे. निळ्यांचे चांगले दिवस कोणते, हे खुर्चीनं कधी विचारलं नाही.

आता त्याच माणसाकडे संमती मागायला जायचं होतं. नानांनी पुष्कळ दिवस टाळलं. घोडा करवतीनं कापता येईल का, हे लोहाराला विचारून आले. "येईल की," लोहार म्हणाला, "पण मग दोन्ही खुर्च्या भंगारात." शेवटी शेवटच्या सामन्याचा आठवडा आला, गॅलरीचं छप्पर उतरवायला सुरुवात झाली, तेव्हा नानांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि निघाले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. "मी काही मागायला आलेलो नाही," अशी त्याची सुरुवात होती.

दुकानाची फळी अर्धी लावलेली होती. आत घड्याळवाल्यांची सून काउंटर पुसत होती. भिंतीवरची सगळी घड्याळं बंद पडलेली, आणि प्रत्येक वेगळ्या वेळेला. नानांमधल्या निरीक्षकाला ते बघवेना.

"घड्याळवाले आहेत का?"

सुनेनं वर बघितलं. तिनं त्यांना ओळखलं. "काका, आज आलात होय!" ती म्हणाली. "आहेत की. जाणार कुठे?"

मागच्या खोलीत खिडकीशी घड्याळवाले पलंगावर बसवलेले होते. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा पडला होता. अर्धा चेहरा ओळखीचा होता, अर्धा खाली उतरला होता. सामन्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच झटका आला, सून सांगत होती, एक बाजू गेली आणि वाचाही गेली.

"काहीच बोलत नाहीत?"

"एक शब्द उरलाय, काका. गिऱ्हाइकांना जन्मभर जो म्हणत आले तोच."

पलंगावरून आवाज आला, "थांबा."

नाना थांबले. पाठ केलेलं सगळं विसरले होते. "बरं," म्हणाले आणि घरी आले.

"तुला माहीत होतं?" त्यांनी माईंना विचारलं.

"सगळ्या गावाला माहीत आहे. मी भेटूनही आले, मऊ भात घेऊन गेले होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

माईंनी हातातलं निवडणं खाली ठेवलं. "तुम्हीच म्हणाला होतात, या घरात त्या माणसाचं नाव काढायचं नाही. नियम तुमचा, शिक्का तुमचा. मी आपली पाळत राहिले."

त्या रात्री नाना जेवले नाहीत. सामना नसताना असं पहिल्यांदाच झालं.

पण खुर्च्यांचं काम सुरू झालेलं होतं आणि ते आता कुणाच्या हातात राहिलं नव्हतं. सही करता येत नसेल तर तोंडी संमती चालेल, मात्र ती क्लबच्या माणसासमोर व्हायला हवी, असं कारकुनानं कळवलं. तेव्हा खुर्च्या घेऊन निघणारा क्लबचा टेम्पो आधी घड्याळाच्या दुकानावरून जाईल आणि मग नानांच्या घरी येईल असं ठरलं. टेम्पो दुकानापाशी आला त्या सकाळी डॉक्टर, शिंपीणबाई आणि सेक्रेटरी हे तिघंही तिथे हजर होते. त्यांना कुणी बोलावलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. घड्याळवाल्यांना धरून दुकानात आणून बसवलं.

"काका," कारकून मोठ्यानं म्हणाला, वाचा गेलेल्या माणसाला ऐकूही येत नसणार अशा समजुतीनं. "या दोन्ही खुर्च्या हे घेऊन जातायत. तुमची हरकत नाही ना?"

"थांबा," घड्याळवाले म्हणाले.

कारकुनानं नानांकडे बघितलं. "ते थांबा म्हणतायत."

"अहो, ते सगळ्यालाच थांबा म्हणतात," सून म्हणाली. "आंघोळीला, औषधाला, मला."

"मग हो म्हणायचं असेल तर काय म्हणतात?"

"थांबा."

"आणि नाही म्हणायचं असेल तर?"

"तेच."

कारकुनाला शिंक आली. डॉक्टर म्हणाले, आ करायला लावून विचारा. शिंपीणबाई म्हणाल्या, मान तरी हलते का बघा, मी धरते. सेक्रेटरी म्हणाले, हा शब्द कायद्यानं स्थगिती ठरतो. मागे दुसऱ्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. त्या गर्दीत घड्याळवाले टेम्पोतल्या खुर्च्यांकडे बघत होते. उघड्यावर उन्हात त्या फारच लहान दिसत होत्या.

"मला पुढे नेता येणार नाही," कारकून म्हणाला. "एक तर इथे उतरवतो, नाही तर परत नेतो. परत नेल्या तर जाळण्यात जातील."

सगळे नानांकडे बघू लागले. खिडकीपाशी आणून ठेवलेली खुर्ची नानांनी कितीतरी वेळा मनात बघितली होती. आरामखुर्ची कुठे सरकवायची तेही ठरलं होतं.

"उतरवा," ते म्हणाले. "इथेच."

काउंटर सरकवून खुर्च्या भिंतीशी लावल्या. जिन्याची मापं घेऊन दमलेल्या शिंपीणबाईंना त्या इतक्या नेमक्या बसलेल्या बघून जरा वाईटच वाटलं. घड्याळवाल्यांना त्यांच्या खुर्चीवर बसवलं. नाना बसले नाहीत. कोट सावरून, कुणाशी न बोलता घरी गेले.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी मात्र ते दुपारीच दुकानात हजर झाले. बरोबरी झाली असती तरी निळे वाचणार होते. सुनेनं घरातला छोटा टीव्ही काउंटरवर आणून ठेवला होता. नाना आपल्या खुर्चीवर बसले. खिळा जागेवर होता.

पहिला गोल इतक्या लवकर झाला की सुनेचा चहा अजून उकळायचा होता. निळ्यांच्या बचावात एक धिप्पाड गडी होता. त्याला गाव 'दार' म्हणायचं, कारण तो कायम उघडा असायचा. चेंडू त्याच्या बाजूनं आला, गेला, आणि तो कुठे गेला हे दार बराच वेळ शोधत होतं. नाना ताडकन उठले आणि पँट फाटली.

"अहो पंच," ते सवयीनं टीव्हीकडे बघून ओरडले, "शेजारच्यांना सांगा, बघा तुमच्या माघारी काय अवस्था झालीय!"

समोरचा संघ पुन्हा चाल करून आला.

"थांबा!" घड्याळवाले ओरडले.

कुणी थांबलं नाही. दुसरा गोल झाला. यानंतर चेंडू निळ्यांच्या हद्दीत आला की घड्याळवाले डावा हात उचलून "थांबा!" म्हणत राहिले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी निळ्यांच्या बाजूनं बचाव करणारा तेवढा एकच माणूस होता. तिसरा गोल झाल्यावर त्यांचाही आवाज बसला. सून येऊन पदरानं त्यांचं तोंड पुसून गेली.

सामना संपत आला. शेवटची शिट्टी ऐकायची नाही, हा नानांचा जुना नेम होता. करंडकानंतर खरं तर तो मोडायला हवा होता, पण निळ्यांनी तशी गरज पडू दिली नव्हती. त्यांनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठले.

"वेळ झाली. आता काही होत नाही," ते म्हणाले. "चला."

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ऐकू आले. तेच शब्द, त्याच जागी, फक्त या खेपेला त्यांच्या तोंडून.

बाहीला ओढ बसली. घड्याळवाल्यांनी डाव्या हातानं त्यांचा कोट धरला होता.

"थांबा," ते म्हणाले.

नानांनी त्या हाताकडे बघितलं. मनगटावर घड्याळ होतं. रोज सकाळी सुनेकडून त्याला किल्ली देऊन घेतल्याशिवाय ते घास घेत नाहीत, असं ती म्हणाली होती. दुकानात चालू असलेलं तेवढं एकच. त्याच्याप्रमाणे वेळ पुरी झाली होती. टीव्हीच्या कोपऱ्यातली वेळही तेच सांगत होती. नानांनी दोन्ही ताडून पाहिलं, पूर्वी तराजूचा काटा बघत तसं, एक डोळा बारीक करून.

"बरोबर आहे तुमचं घड्याळ," ते म्हणाले. पंचाला नाही, थेट. "पहिल्यापासून बरोबर आहे."

"थांबा."

हा शब्द मनातून आला होता की नुसता जिभेवर उरला होता म्हणून आला, हे सांगायला कुठलंच माप नव्हतं. नानांनी ते शोधलंही नाही. ते खाली बसले.

जास्तीची मिनिटं सुरू झाली. चेंडू निळ्यांच्या गोलसमोर उंच उडाला. दारानं साऱ्या हंगामात पहिल्यांदा धावत जाऊन उडी मारली, चेंडूला सुरेख डोकं लावलं आणि तो आपल्याच जाळ्यात घातला.

"बघा," नाना म्हणाले. "थांबून काय मिळालं?"

खुर्ची हलायला लागली. आधी त्यांना वाटलं बाहेरून ट्रक चाललाय. मग त्यांनी वळून बघितलं. घड्याळवाल्यांचा अर्धा चेहरा तसाच होता, पण उरलेला अर्धा हसत होता. आवाज नव्हता, नुसतं अंग हलत होतं, आणि मधला घोडा सामायिक असल्यामुळे ते हसू नानांच्या खुर्चीत येत होतं. नानांनी ओठ दाबून धरले. मग तेही हलायला लागले. शिट्टी कधी वाजली ते दोघांनाही कळलं नाही.

टीव्ही बंद झाला तेव्हा दारात माई उभ्या होत्या. बातमी त्यांना वाटेतच कळली होती. त्यांनी फाटलेली पँट बघितली, दोघांचे ओले डोळे बघितले.

"झालं ना निळं?" त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच म्हणाल्या. "चला आता घरी. पान वाढलंय, आज जेवायचं."

"येतो," नाना म्हणाले. "पण हे थांबा म्हणतायत."

माईंनी घड्याळवाल्यांकडे बघितलं. त्यांची मान नानांच्या खांद्यावर कलली होती आणि त्यांना गाढ झोप लागली होती.

त्या आत आल्या आणि काउंटरला टेकून उभ्या राहिल्या.